पत्रकार नायक असलेली रहस्यकादंबरी: बांधणीचा क्रम आणि नेहमीच्या चुका

पत्रकार नायक असलेल्या रहस्यकादंबऱ्यांची हस्तलिखितं वाचताना एक दोष सारखा आढळतो. नायकाच्या खिशात ओळखपत्र असतं, पण तो वागतो फौजदारासारखा. संशयितांना खोलीत बसवून प्रश्न विचारतो, घटनास्थळावरची वस्तू उचलून घरी नेतो, आणि शेवटी सगळ्यांना जमवून खुनी दाखवतो. या सगळ्यात त्याने बातमी कधी लिहिली, कुणाला पाठवली, ती छापून आली का, याचा पत्ता नसतो.

बातमीदाराला कुणालाही बोलायला भाग पाडण्याचा अधिकार नाही. तो विचारू शकतो, वाचू शकतो, छापू शकतो. या तीन कामांतूनच तो गुन्ह्यात ओढला गेला पाहिजे आणि याच तीन कामांतून उलगडा झाला पाहिजे. खालचे टप्पे याच अटीवर लावले आहेत. क्रम बदलू नका. पहिलं प्रकरण आधी लिहून मग खुनी शोधणारे लेखक मध्यावर अडकतात आणि मग योगायोगांवर कादंबरी ढकलतात.

लेखभर एकच नमुना वापरतो, म्हणजे प्रत्येक टप्पा कशावर लागू करायचा ते दिसेल. गाव चिपळूण, दिवस पावसाळ्याचे. वाशिष्ठीच्या पात्रात एका निवृत्त शिक्षकाचा मृतदेह सापडतो. जिल्हा दैनिकाचा तालुका वार्ताहर चार ओळींची बातमी पाठवतो.

लिहिण्यापूर्वीची तयारी

तीन गोष्टी कागदावर ठरल्याशिवाय एकही संवाद लिहू नका: साल, गाव आणि वर्तमानपत्राचा आकार.

सालाला फार महत्त्व आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाचं कलम ३०२ होतं, ते १०३ झालं. मात्र गुन्हा त्या तारखेआधी घडला असेल तर कलम जुनंच लागतं. कादंबरी २०२३ च्या जुलैत घडत असेल तर तुमचा हवालदार '१०३' म्हणणार नाही. १९८० च्या दशकात नेलीत तर मोबाइल नाही, सीसीटीव्ही नाही. बातमी एसटीने पाकिटातून जाते किंवा ट्रंक कॉल लावून सांगावी लागते.

गाव खरं निवडलंत तर त्याचा भूगोलही खरा घ्यावा लागेल. वाशिष्ठीचं पाणी फक्त पावसाने चढत नाही. कोयना प्रकल्पातलं वीजनिर्मितीनंतरचं अवजल याच नदीत येतं आणि खाडीच्या बाजूने भरती-ओहोटीचाही परिणाम होतो. मृतदेह कुठे पडला आणि कुठे सापडला याचा हिशेब करताना हे सगळं धरायला हवं. ही अडचण वाटेल, पण रहस्यकथेला यासारखी देणगी नाही: पाणी कधी वाढतं हे ज्याला ठाऊक आहे, तो संशयितांच्या यादीत आपोआप येतो.

वर्तमानपत्र छोटं असलं तर काम सोपं होतं. तालुका वार्ताहर एकटाच असतो. पोलीस ठाणं, पंचायत समिती, नाटकाचे प्रयोग, अपघात सगळं तोच पाहतो. बहुतेक ठिकाणी मानधन तुटपुंजं असतं आणि खरी मिळकत जाहिरातींच्या कमिशनवर असते. बातम्या आणि जाहिराती एकाच हाताने गोळा होतात, हा ताण कादंबरीत आणा. मराठी रहस्यकथेत तो फारसा कुणी वापरत नाही, याची मला खंत आहे.

तयारीचा शेवटचा भाग वाचनाचा. एका जिल्हा आवृत्तीचे सलग महिनाभराचे अंक मिळवा आणि ते जाहिरातींसकट वाचा. निधनवार्ता, निविदा सूचना, नाव बदलल्याच्या जाहिराती आणि 'तमाम लोकांस कळविण्यात येते की' अशा सुरुवातीच्या जाहीर नोटिसा. जमीन घेण्याआधी वकिलामार्फत अशी नोटीस देतात आणि हरकतीसाठी ७, १४ किंवा १५ दिवसांची मुदत लिहितात. गावातली भांडणं पहिल्या पानाआधी तिथे उमटतात.

*तपासून पाहा:* साल, गाव, पत्राचा आकार आणि नायकाचं उत्पन्न कुठून येतं, ही चार उत्तरं एका पानात लिहिता येतात का? एकही अंधुक असेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा १: गुन्हा आधी संपवा

खुनाची हकिगत खुन्याच्या बाजूने, तारीख-वेळेसह, सलग लिहून काढा. ही पानं वाचकाला दिसणार नाहीत. त्यात कारण, संधी, साधन, चूक आणि झाकपाक एवढं यायलाच हवं.

नमुन्यात: सामाईक जमीन विकायची आहे. शिक्षकांची संमती नाही. दलालाने वकिलाकडून जाहीर नोटीस दिली, मुदत १४ दिवस. शिक्षक लेखी हरकत घेणार होते. अकराव्या दिवशी संध्याकाळी दलालाने त्यांना बोलण्यासाठी साकवाजवळ (छोट्या पायपुलाजवळ) बोलावलं, झटापट झाली, शिक्षक पाण्यात गेले. पाय घसरल्यासारखं दिसावं म्हणून त्याने त्यांची छत्री काठावर ठेवली. घाईत ती मिटून ठेवली. त्या वेळी मुसळधार पाऊस होता.

खुन्याची चूक छोटी आणि त्याच्या स्वभावातून आलेली असावी. इथे दलाल नीटनेटका माणूस आहे. मिटलेली छत्री त्याच्या हातून सवयीने ठेवली गेली.

*इशारा:* मृत्यूची वेळ शवविच्छेदनातून मिनिटापर्यंत कधीच कळत नाही. डॉक्टर अंदाजे काळ सांगतात, पाण्यातल्या मृतदेहाबाबत तर तो आणखी सैल असतो. व्हिसेरा (रासायनिक तपासणीसाठी काढलेले अवयवांचे भाग) राखून ठेवला तर अहवालाला आठवडे, कधी महिने लागतात. दुसऱ्या दिवशी अहवाल हातात ठेवणारं प्रकरण काढून टाका.

टप्पा २: नायकाचा हात गुंतवा

'त्याला कुतूहल वाटलं' हे कारण दोनशे पानं पुरत नाही. नायकाच्या रोजच्या कामातली एखादी कृती गुन्ह्याच्या साखळीत असली पाहिजे. चार वाटा मला पक्क्या वाटतात. त्याने छापलेल्या बातमीमुळे कुणाचा जीव गेला. त्याचा खबऱ्या मेला. मृताचा शेवटचा फोन त्याला होता. किंवा त्याने आणलेली जाहिरात गुन्ह्याची पहिली पायरी होती.

नमुन्यात मी चौथी घेतो. ती जाहीर नोटीस वार्ताहरानेच दलालाकडून आणली होती, कमिशन घेतलं होतं, आणि पुढच्या महिन्यात दलालाच्या वसाहतीची अर्ध्या पानाची जाहिरात मिळण्याचं आश्वासनही होतं. चार ओळींच्या बातमीत त्याने 'पाय घसरून' असं लिहिलं, कारण पोलीस ठाण्याच्या अंमलदाराने फोनवर तसं सांगितलं. आता बातमी बदलायची तर आधीचं छापलेलं खोडावं लागेल आणि जाहिरातही जाईल.

गुंतण्याची दुसरी दिशाही आहे: पत्रकारावरच संशय. हे कल्पनेपलीकडचं नाही. मुंबईत ११ जून २०११ रोजी ज्येष्ठ गुन्हेवार्ताहर ज्योतिर्मय डे यांची पवईत गोळ्या घालून हत्या झाली. त्या खटल्यात एका महिला पत्रकारालाही आरोपी केलं गेलं आणि २०१८ मध्ये विशेष न्यायालयाने तिला निर्दोष सोडलं. बातमीसाठी केलेले फोन आणि भेटी फिर्यादी पक्षाच्या कागदांत किती वेगळ्या दिसतात, हे या प्रकरणातून शिकण्यासारखं आहे. मात्र खरं प्रकरण नावं बदलून कादंबरीत उतरवू नका. माणसं हयात आहेत, त्यांची घरं आहेत.

*तपासून पाहा:* नायकाच्या जागी शिक्षक किंवा वकील ठेवून कथानक वाचा. तरीही तसंच चालत असेल, तर तुमचा नायक पत्रकार झालेला नाही. टप्पा २ पुन्हा करा.

टप्पा ३: कचेरीचं घड्याळ लावा

वर्तमानपत्राच्या कचेरीत प्रत्येक दिवसाला शेवट असतो: पान सुटतं, म्हणजे छपाईला जातं. कादंबरीतला ताण इथून फुकट मिळतो आणि बहुतेक लेखक तो सोडून देतात.

एक दिवस असा मांडा. सकाळी ठाण्यात फेरी, रात्रीच्या नोंदी. दुपारी कार्यक्रम. संध्याकाळी बातम्या पाठवणं. रात्री डाक आवृत्ती (लांबच्या गावांसाठीची) आधी सुटते, कारण गाड्यांना लांब जायचं असतं. शहर आवृत्ती उशिरा, मध्यरात्रीच्या पुढे. त्यामुळे एकाच तारखेच्या दोन अंकांत एकाच घटनेच्या दोन बातम्या असू शकतात. तालुक्याचं पान जिल्ह्याच्या गावी लागतं, वार्ताहर तिथे नसतो. मथळा डेस्कवरचा उपसंपादक देतो. ओळी तोच कापतो. आणि बहुतेक वार्ताहर छापून आलेली आपली बातमी मथळ्यापलीकडे वाचत नाहीत.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, नमुन्यातला उलगडा त्यावरच उभा आहे.

माणसांची उतरंडही नीट लावा. वार्ताहर आवृत्तीप्रमुखाला 'सर' किंवा 'साहेब' म्हणेल, उपसंपादकाशी अरेतुरेत बोलेल, हवालदाराला आडनावापुढे 'साहेब' लावेल किंवा ओळख जुनी असेल तर 'दादा' म्हणेल. वार्ताहर थेट संपादकाच्या केबिनमध्ये शिरून टेबलावर मूठ आपटतो, असे प्रसंग पडद्यावरून आले आहेत. तालुका वार्ताहराची आणि संपादकाची भेट वर्धापनदिनाला होते.

टप्पा ४: पोलिसांचा तपास समांतर मांडा

नायक शोधत असताना पोलीस काय करत आहेत, हे तारखांसह वेगळ्या कागदावर लिहा. खरा क्रम साधारण असा आहे.

मृतदेह सापडला की आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते, खुनाचा गुन्हा लगेच दाखल होत नाही. आजूबाजूच्या किमान दोन प्रतिष्ठित रहिवाशांसमोर मरणोत्तर पंचनामा होतो, मग शवविच्छेदन. संशयाला आधार मिळाला की फिर्याद आणि गुन्हा दाखल. घटना मोठी असेल तर स्थानिक गुन्हे शाखा उतरते आणि ठाण्यातले लोक थोडे बाजूला पडतात. त्या रुसव्यातून बातमीदाराला माहिती मिळते.

अटक झाल्यापासून २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं. खुनाच्या गुन्ह्यात ९० दिवसांत दोषारोपपत्र गेलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यानुसार (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक पथकाने घटनास्थळी जाणं अपेक्षित आहे, ही तरतूद राज्यांनी टप्प्याटप्प्याने लागू करायची आहे.

आता कथाकाराच्या सर्वांत उपयोगाचा मुद्दा. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, त्यातून एखादी वस्तू सापडली तर तेवढाच भाग चालतो. पण खुन्याने बातमीदारापुढे कबुली दिली तर तो न्यायालयाबाहेरचा कबुलीजबाब ठरतो आणि पुराव्यात येऊ शकतो. न्यायालयं त्याकडे कमकुवत पुरावा म्हणून सावधपणे पाहतात, तरी बातमीदार त्या क्षणी साक्षीदार होतो. त्याची वही, त्याचा फोन, त्याचे स्रोत, सगळ्यांची उलटतपासणी होऊ शकते.

*इशारा:* 'पत्रकाराला स्रोत सांगण्याची सक्ती करता येत नाही' असं संवादात बिनधास्त लिहू नका. १९७८ च्या प्रेस कौन्सिल कायद्यात तसं संरक्षण आहे, पण ते कौन्सिलपुढच्या कामकाजापुरतं. वकील-अशिलासारखं कायदेशीर कवच न्यायालयात पत्रकाराला नाही. शिवाय खुनाची माहिती असूनही सबळ कारणाशिवाय ती पोलिसांना न देणं हाही कायद्याने दोष आहे. नायकाला या दोन भिंतींमध्ये उभं करा, मधली शंभर पानं तिथे मिळतील.

टप्पा ५: 'कुणाला काय ठाऊक' हा तक्ता करा

एका कागदावर आडव्या ओळीत पात्रं, उभ्या ओळीत प्रत्येक महत्त्वाची माहिती. प्रत्येक घरात ती माहिती त्या पात्राला कोणत्या तारखेला आणि कशी कळली ते लिहा. या टप्प्याला आठवडा लागला तरी चालेल. ज्या हस्तलिखितांचा शेवट कोसळतो, त्यांत हा तक्ता केलेला नसतो.

नमुन्यातला मुख्य दुवा असा. मृतदेहाचा पंचनामा झाला, पंच सह्या करून गेले. छत्री दुपारी साकवाजवळ हवालदाराला मिळाली, तेव्हा फक्त वार्ताहर सोबत होता. वार्ताहराने बातमीत लिहिलं: 'त्यांची छत्री काठावर मिटलेल्या स्थितीत आढळली.' जागा नव्हती म्हणून उपसंपादकाने ती ओळ कापली. काही दिवसांनी दलाल चहा पिता पिता म्हणतो, "पावसात मिटलेली छत्री घेऊन कोण फिरतं हो? गुरुजींचं डोकं ठिकाणावर नव्हतं." वार्ताहराला यात काहीच खटकत नाही, कारण त्याच्या लेखी ती ओळ त्यानेच छापली आहे.

तक्त्यात पाहा: मिटलेली छत्री कुणाकुणाला ठाऊक? हवालदार, वार्ताहर, उपसंपादक आणि ठेवणारा. आता गळती बंद करा. हवालदाराने ठाण्यात कुणाला सांगितलं का? उपसंपादक दलालाला ओळखतो का? या वाटा कादंबरीतच, उलगड्याआधी, नायकाने एकेक करून तपासल्या पाहिजेत. एक वाट जरी उघडी राहिली तरी चाणाक्ष वाचक तिथेच बोट ठेवेल.

वाचकाशी प्रामाणिक राहायचं तर तिसऱ्या प्रकरणात पाठवलेली बातमी पूर्ण द्या, पाचव्यात छापून आलेली बातमी पूर्ण द्या. फरक दाखवू नका. दोन्ही मजकूर तिथे असले म्हणजे तुमची जबाबदारी पूर्ण झाली.

*तपासून पाहा:* मुख्य दुवा वाचकासमोर किमान दोनदा येतो का? दोन्ही वेळी त्याच पानावर लक्ष वेधणारं दुसरं काही घडतं का?

टप्पा ६: प्रत्येक छापील बातमीने कथा वळवा

खुनी वर्तमानपत्र वाचतो. पोलीस वाचतात. मृताची मुलगी मुंबईत फोनवर वाचते. त्यामुळे नायकाने छापलेली प्रत्येक बातमी ही कथेतली कृती आहे.

कादंबरीत पाच-सहा बातम्या ठरवा आणि प्रत्येकीपुढे लिहा: ती आल्यावर कोण हललं? नमुन्यात दुसरी बातमी 'मृत्यूबाबत नातेवाइकांना संशय' अशी येते. लगेच दलालाची अर्ध्या पानाची जाहिरात रद्द होते, आवृत्तीप्रमुखाचा फोन येतो आणि हवालदार बोलणं बंद करतो. तीन दारं एका बातमीने मिटली. तिसरी बातमी छापायची की नाही, हा प्रश्न आता खरा झाला.

बदनामीची नोटीसही इथेच बसते. ती एकट्या वार्ताहराला येत नाही, अंकाच्या तळाशी ज्यांची नावं असतात त्या संपादक-मुद्रक-प्रकाशकांनाही येते. मग कचेरी नायकाच्या पाठीशी राहते की 'तो आमचा पगारी कर्मचारी नाही' असं पत्र देते, हे तुम्ही ठरवा. मी असतो तर पत्र देणारी कचेरी निवडली असती.

बातम्यांचा मजकूर बातमीच्याच भाषेत लिहा. 'काळरात्रीने घास घेतला' अशी बातमी उपसंपादक सोडणार नाही. 'येथील निवृत्त शिक्षक' अशी सुरुवात, संशयितासाठी 'कथित', पोलिसांच्या माहितीला 'पोलिसांनी दिलेल्या माहितीनुसार'.

टप्पा ७: आता लिहा

पहिल्या कादंबरीला ४५ ते ६० हजार शब्द पुरेत. आधी उलगड्याचं प्रकरण लिहा, मग पहिलं, मग मधली क्रमाने. शेवट हातात असला की दुवे कुठे पेरायचे ते लिहिता लिहिता समजतं.

निवेदन प्रथमपुरुषी घ्यायचं तर जपून. नायकाला जे दिसलं ते वाचकापासून लपवता येत नाही. नमुन्याला प्रथमपुरुष शोभतो, कारण नायक काही लपवत नाही, त्याला फक्त ओळ कापल्याचं ठाऊक नसतं.

टप्पा ८: उलगडा कागदावरून होऊ द्या

गच्चीवरची मारामारी, फोनवर चोरून केलेलं रेकॉर्डिंग, ऐन वेळी आलेली पोलिसांची जीप, हे तिन्ही टाळा. नमुन्यात वार्ताहर बदनामीच्या नोटिशीला उत्तर देण्यासाठी वकिलाकडे जातो. वकील म्हणतात, "छापलेलं कात्रण आणा, पाठवलेलं नको." तो फाइल उघडतो, पहिल्यांदा स्वतःची बातमी पूर्ण वाचतो आणि छत्रीची ओळ तिथे नसते.

त्यानंतर कायद्याची अडचण पुढे येऊ द्या. छत्रीचा जप्ती पंचनामा झालेलाच नाही, हवालदाराने ती तशीच ठाण्यात आणून कोपऱ्यात ठेवली होती. दलालाचं वाक्य ऐकणारा वार्ताहर एकटा. म्हणजे त्याला साक्ष द्यावी लागेल आणि कमिशनच्या पावत्या उलटतपासणीत बाहेर येतील. पाठवलेल्या बातमीचा ईमेल पुराव्यात द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या नव्या कायद्याच्या) कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागेल, आणि मूळ ईमेल कचेरीच्या ताब्यात आहे, ज्या कचेरीने त्याला नाकारलं आहे. इथे कादंबरी वीस-पंचवीस पानं सावकाश चालवा.

टप्पा ९: खर्डा तपासणं

खर्डा पंधरा-वीस दिवस बाजूला ठेवा आणि मग तीन वेगवेगळ्या वाचनांत तपासा. पहिल्यात फक्त तारखा, वार, अमावास्या-पौर्णिमा आणि भरतीच्या वेळा. दुसऱ्यात फक्त 'कुणाला काय ठाऊक' तक्ता. तिसऱ्यात फक्त भाषा.

त्यानंतर दोन माणसांना वाचायला द्या: एक तालुक्यात काम केलेला वार्ताहर आणि एक फौजदारी वकील. 'आवडली का' असं विचारू नका. 'कुठे असं होत नाही?' असं विचारा आणि ते सांगतील ती पानं त्यांच्यासमोरच खुणा करून ठेवा.

शेवटी नावं. गाव खरं असेल तर त्या गावातल्या वकील, दलाल, डॉक्टर आणि पोलीस अधिकाऱ्यांची नावं तुमच्या पात्रांशी जुळत नाहीत ना, हे एकेक करून पाहा. दैनिकाचं नाव काल्पनिक घ्या आणि त्या नावाचं नियतकालिक आधीच नोंदलेलं आहे का ते शोधा. 'सर्व पात्रे काल्पनिक आहेत' ही ओळ छापली तरी ओळखू येणाऱ्या माणसाचा बदनामीचा दावा त्याने थांबत नाही. हे काम प्रकाशकावर सोडू नका, हस्तलिखित पाठवण्याआधीच उरका.